कोयना हलण्याआधी गोव्याच्या आकाशात काही दिसेल का? (व्हीएलएफ, टीईसी, रेडॉन)

चिरेबंदी · सकाळी ७:४०

मिरामारवरच्या पट्टेदार ढगांचा फोटो आणि खाली 'भूकंपाचे ढग, ७२ तास सावध' हा मजकूर एव्हाना सगळ्यांच्या गटांत फिरून झाला असेल. ७२ तास उलटले, जमीन जागच्या जागी आहे. पण त्यावरून वर्गात निघालेला प्रश्न रास्त आहे: भूकंपाआधी हवेत किंवा वर आयनांबरात (हवेच्या अगदी वरच्या, विद्युतभारित थरात) खरंच काही बदलतं का, आणि बदलत असेल तर ते गोव्यात बसून मोजता येईल का?

म्हापशाच्या शाळेतल्या विज्ञान मंडळासाठी वर्षभराचा प्रकल्प करायचा आहे. एक जुना संगणक, मोकळी गच्ची, आवारात वापरात नसलेली विहीर आणि पंधरा हजार रुपये एवढं भांडवल. व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेचा) रेडिओ, जीपीएसवरून टीईसी (आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी), की विहिरीतला रेडॉन (जमिनीतून सुटणारा किरणोत्सारी वायू)? जाणकारांनी सांगावं.

लांबलहर · सकाळी ८:१५

ढगांचं आधी उरकू. हवेचा थर वरखाली हेलकावतो तेव्हा लाटेच्या माथ्यावर ढग धरतो आणि खळग्यात विरतो, त्याचे पट्टे दिसतात. सह्याद्रीवरून पूर्वेचा वारा उतरतो तेव्हा आपल्या बाजूला असे पट्टे पडणारच. त्यात भूगर्भ कुठेच येत नाही.

पंधरा हजारांत आणि मुलांच्या हातून होण्यासारखं म्हणजे व्हीएलएफ. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं व्हीटीएक्स हे प्रक्षेपण केंद्र आहे, १८.२ किलोहर्ट्झवर. म्हापशापासून साधारण ९०० किमी. ही लहर जमीन आणि आयनांबराचा खालचा डी थर यांच्यामधल्या पोकळीतून येते. तो थर दिवसा ७० किमीच्या आसपास असतो, रात्री ८५–९० वर जातो. सूर्योदय-सूर्यास्ताला थर सरकतो तेव्हा तीव्रतेच्या आलेखात ठळक खड्डे पडतात. १७ जानेवारी १९९५च्या कोबे भूकंपाच्या काही दिवस आधी जपानमधल्या त्सुशिमा–इनुबो या सुमारे १००० किमीच्या मार्गावर (ओमेगा केंद्र, १०.२ किलोहर्ट्झ) हे खड्डे नेहमीच्या वेळेपासून सरकलेले हायाकावा आणि सहकाऱ्यांना दिसले. खड्ड्यांच्या वेळा टिपण्याची ही 'टर्मिनेटर टाइम' पद्धत तिथून रुजली. कोलकात्यात व्हीटीएक्सच्याच लहरीवर असं काम झालं आहे.

अँटेना: १ मीटर बाजूची लाकडी चौकट, ०.५ मिमी इनॅमल तांब्याच्या तारेचे ५० वेढे. तार २०० मीटर, वजन साडेतीनशे ग्रॅम, रोध १७–१८ ओहम, प्रेरकता ८ मिलिहेन्रीच्या आसपास. चौकटीचं प्रतल केंद्राच्या दिशेत हवं, म्हणजे म्हापशाहून दक्षिण-आग्नेयेला. पुढे कमी गोंगाटाचा ऑपअँप (संकेत वाढवणारी चिप) आणि ९६ किलोहर्ट्झ नमुने घेणारं बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड. ४८ किलोहर्ट्झ नमुन्यांवरही २४ पर्यंतचं दिसतं, पण कडेला कार्डाची गाळणी घसरते.

आता जिथे बहुतेकांचं घोडं अडतं ते. १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून अँटेना १८.२ वर जुळवली की संकेत भरघोस येतो आणि माणूस खूश होतो. पण कागदावर तिचा क्यू (जुळणीचा धारदारपणा) ५०च्या घरात, म्हणजे पट्टा जेमतेम ३५०–४०० हर्ट्झचा. कपॅसिटर साधा सिरॅमिक असेल तर गच्चीवरच्या उन्हात त्याची किंमत बदलते, जुळणी सरकते आणि आलेखावर रोज दुपारी सुरेख 'विसंगती' उमटते. एक तर पॉलिप्रॉपिलीन किंवा एनपी-शून्य जातीचा घ्या आणि समांतर रोध लावून क्यू पाडा, नाहीतर जुळवूच नका. न जुळवलेल्या अँटेनावर ऑस्ट्रेलियाचं १९.८ किलोहर्ट्झचं एनडब्ल्यूसीसुद्धा येतं. ते ६००० किमीवरून, सुमात्राच्या नैऋत्येकडच्या समुद्रावरून येतं.

भुरभुर · सकाळी ८:५२

थोडक्यात, भूकंपाआधी कपॅसिटर हलतो.

आग्वाद_दीपगृह · सकाळी ९:३०

टीईसीकडे ओढा असेल तर गोवा ही त्यासाठी अवघड जागा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

टीईसी म्हणजे उपग्रह ते ग्राहक (संकेत घेणारं यंत्र) या रेषेवरच्या एक चौरस मीटरच्या स्तंभातले एकूण इलेक्ट्रॉन. एक एकक म्हणजे १०चा १६वा घात. दोन वारंवारतांवर मोजलेल्या अंतरांतल्या फरकावरून ते काढतात. जीपीएसच्या एल१–एल२ या वारंवारतांच्या जोडीत फरकाच्या १ मीटरला ९.५२ एककं, एल१–एल५ जोडीत ७.७६. झेडईडी-एफ९पी जातीचा ग्राहक पुरतो, नोंदी रायनेक्स या ठरलेल्या स्वरूपात बदलायला आरटीकेलिब ही संगणकप्रणाली आहे. फक्त उपग्रहाचा आणि ग्राहकाचा स्वतःचा विलंब वजा करायला विसरू नका. एल१–एल२ वर १ नॅनोसेकंदाची चूक म्हणजे २.८५ एककं. उपग्रहांचे विलंब प्रसिद्ध होतात. ग्राहकाचा आपणच काढायचा असतो आणि तो तापमानाबरोबर डोलतो.

आता जागेची अडचण. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दुपारी तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना साधारण १५ चुंबकीय अक्षांशांवर उतरून शिखरं बनवतात. उत्तरेचं शिखर गुजरात-मध्य प्रदेशावर. गोवा त्याच्या उतारावर आहे. हा कारंजा रोज सारखा उडत नाही. सूर्य तोच, तिथी शेजारची, तरी दुपारचं मूल्य वीस-पंचवीस टक्क्यांनी इकडेतिकडे सहज होतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर प्लाझ्माचे बुडबुडे उठतात, संकेत चमचमतो, नोंदीत खंड पडतात.

शिवाय 'गोव्यावरचा टीईसी' हे म्हणायला. उपग्रह ३० अंश उंचीवर असेल तर ती रेषा ३५० किमीच्या थराला ५३० किमी दूर छेदते. पालक्काडपासून नाशिकपर्यंतचं आकाश एका आकड्यात कोंबलेलं असतं. फुकट मिळणारे जागतिक नकाशे वापराल तर जाळी अक्षांशात २.५ आणि रेखांशात ५ अंशांची, जवळची आंतरराष्ट्रीय केंद्रं बेंगळुरू आणि हैदराबाद, पश्चिमेला नुसता समुद्र. तिथला आकडा मोजलेला कमी आणि ताणून बसवलेला जास्त.

पूर्वरंग · सकाळी १०:१०

सगळं खोडून काढण्याची घाई नको. २०११च्या तोहोकू भूकंपाच्या सुमारे ४० मिनिटं आधी टीईसी वाढल्याचं जपानी शास्त्रज्ञ हेकी यांनी दाखवलं. डीमीटर उपग्रहाच्या नोंदींत रात्रीच्या वेळी, ४.८ आणि वरच्या उथळ भूकंपांच्या ० ते ४ तास आधी १.७ किलोहर्ट्झजवळच्या लहरींची तीव्रता कमी आढळली. भूजच्या आधी जमीन तापलेली उपग्रहातून दिसली. कोबेजवळ निशिनोमियाच्या विहिरीत रेडॉन दहापट झाला होता. यामागे कार्यकारणाची साखळीही मांडलेली आहे: ताण वाढला की भेगांतून रेडॉन सुटतो, हवेचं आयनीभवन होतं, आयनांवर बाष्प धरतं, सुप्त उष्णता मोकळी होते, विद्युतवाहकता बदलते आणि परिणाम वर पोचतो. पुलिनेत्स आणि उझुनोव्ह यांची ही मांडणी आहे.

आग्वाद_दीपगृह · सकाळी १०:४५

पूर्वरंग, यादी बरोबर आहे, पण प्रत्येकाचा उत्तरार्धही वाचायला हवा.

तोहोकूची 'वाढ' आधाररेषा कशी आखली यावर उभी आहे. हेकींनी भूकंपाच्या आधीच्या आणि बऱ्याच नंतरच्या नोंदी जोडून वक्र आखला. भूकंपानंतर त्सुनामीने समुद्र उचलला-खचला, त्याच्या ध्वनिलहरींनी वरचे इलेक्ट्रॉन घटले. त्या घटलेल्या भागाकडून वक्र ओढला की आधीचा भाग आपोआप उंच दिसतो, असा कामोगावा-काकिनामी, मास्ची आदींचा आक्षेप आहे. हेकींनी उत्तरं दिली, वाद मिटलेला नाही. पण ज्या वक्राला भूकंपानंतरचे आकडे लागतात तो भूकंपाआधी आखताच येणार नाही. इशारा म्हणून तो तिथेच बाद.

भूज: ब्लॅकेट, वूस्टर आणि मालामड यांनी २०११मध्ये मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची भूतापमानं पुन्हा तपासली. उबदार पट्टे ढगांमुळे गाळलेल्या जागा आणि जोडकामातल्या फटी यांतून आलेले निघाले. ढगाळ दिवस मोजणीतून गेले की उरलेल्यांची सरासरी चढते.

डीमीटरचा निकाल मात्र मी गंभीरपणे घेतो. पण तो हजारो भूकंप एकावर एक रचून आलेली सरासरी आहे. एकट्यादुकट्या भूकंपाआधी ती घट दैनंदिन चढउतारात बुडून जाते. चीन-इटलीचा झांगहेंग-१ (सीएसईएस) २ फेब्रुवारी २०१८पासून ५०७ किमीवरून याच प्रश्नामागे आहे.

सडा_आणि_खाजन · सकाळी ११:२०

रेडॉनबद्दल, आणि विशेषतः आपल्या चिऱ्याबद्दल (जांभा दगड).

निशिनोमियाची विहीर १७ मीटर खोल. तिथला रेडॉन ८ जानेवारीला शिखरावर गेला आणि मग उतरला, भूकंप १७ला. नोंद खरी आहे, पण तशी दर भूकंपाआधी मिळत नाही. आणि रेडॉन वाढायला भूकंप लागतो असंही नाही.

रेडॉन-२२२चं अर्धायुष्य ३.८२ दिवस. चिरा सच्छिद्र, श्वास घेणारा. बाहेरचा वायुदाब उतरला की जमिनीतली हवा वर ओढली जाते, रेडॉन चढतो. पहिला जोराचा पाऊस वरची छिद्रं बंद करतो आणि खाली वायू साठतो. जून ते सप्टेंबर गोव्यात तीन मीटरच्या आसपास पाऊस. त्या काळात मातीतला वायू मोजणारी नळी पाणीच ओढत बसते. डिचोली-सांगे पट्ट्यात खाणींतला पाण्याचा उपसा चालू-बंद झाला की विहिरींची पातळी हलते, तिच्याबरोबर रेडॉनही.

तरी करायचंच असेल तर ६० ते १०० सेमी खोल नळी, आल्तिन्होच्या वेधशाळेचा वायुदाब आणि पाऊस सोबत, आणि मातीचा ओलावा. एलआर-११५ची (रेडॉनच्या किरणांचे माग टिपणारी) फिल्म स्वस्त आहे, पण ती काही आठवड्यांची बेरीज देते, 'कधी' वाढला ते सांगत नाही. चालत्या मोजणीला थोरॉन (रेडॉनचाच अल्पायुषी प्रकार) वगळावा लागतो. त्याचं अर्धायुष्य ५५.६ सेकंद, म्हणून हवा शोधकापर्यंत पोचायला पाचेक मिनिटं लागतील एवढी लांब नळी किंवा मध्ये डबा ठेवावा. आणि वापरात नसलेल्या विहिरीत कुणी उतरू नये, मुलांनी तर नाहीच. खाली प्राणवायू कमी असू शकतो.

चिरेबंदी · दुपारी १२:०५

विहीर बाद. व्हीएलएफ पक्कं. आता व्हीटीएक्स ते म्हापसा मार्गावर कोयनेचे भूकंप दिसायची शक्यता किती?

लांबलहर · दुपारी १२:४०

जवळजवळ नाही, आणि यातच तुमच्या प्रकल्पाची गंमत आहे.

कोयना पणजीहून उत्तरेला साधारण २१० किमी. लहर दक्षिणेकडून येते आणि म्हापशात थांबते. कोयना मार्गाच्या टोकापलीकडे राहते. दोब्रोवोल्स्कींच्या सूत्राने भूकंपाच्या तयारीच्या क्षेत्राची त्रिज्या म्हणजे १०चा (०.४३ गुणिले तीव्रता) इतका घात, किलोमीटरमध्ये. ५ला १४१ किमी, ६ला ३८०. म्हणजे साधारण ५.४ किंवा त्याहून मोठा असेल तरच त्या क्षेत्रात गोवा येतो; ११ डिसेंबर १९६७चा सहाच्या वरचा होता.

आता नकाशावर व्हीटीएक्सपासून मुंबईपर्यंत रेघ मारा. ती बेळगावजवळून जाते आणि कोयनेच्या जवळजवळ डोक्यावरून. मुंबई-ठाण्यात एखाद्या शाळेला असाच दुसरा ग्राहक बसवायला तयार करा. त्यांचा मार्ग कोयना ओलांडतो, तुमचा ओलांडत नाही. सौरज्वाला, चुंबकीय वादळ, केंद्राच्या शक्तीतली घट दोघांनाही दिसेल. फक्त त्यांच्याकडे दिसलं आणि तुमच्याकडे नाही, तरच पुढे बोलायचं. फरकाची सरळ वजाबाकी मात्र करू नका. अंतर बदललं की लहरींच्या प्रकारांची सरमिसळ बदलते, खड्ड्यांच्या वेळाही वेगळ्या पडतात. प्रत्येकाने आपापल्या सरासरीशी तुलना करायची आणि मग निकाल जुळवायचे.

ऋतूचं भान ठेवा. डिसेंबरात सूर्यास्ताची रेषा या मार्गाला जवळपास समांतर येते; तिरुनेलवेली आणि गोव्यात सूर्य साधारण एकाच वेळी मावळतो. जूनमध्ये जवळपास अर्ध्या तासाचा फरक पडतो. पहाटे याच्या उलट. म्हणून सूर्यास्ताच्या खड्ड्याचा आकार वर्षभर बदलत राहतो. तुलना मागच्या १५ दिवसांशीच करा, वर्षाच्या सरासरीशी नको.

आकडेमोड · दुपारी १:३०

सरासरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. या क्षेत्रातल्या निम्म्या 'यशां'ना पुढचा हिशेब पुरतो.

टीईसीत रूढ पद्धत अशी: मागच्या १५ दिवसांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), त्याच्या दोन्ही बाजूंना चतुर्थकांतराच्या (मधले निम्मे आकडे मावतात त्या रुंदीच्या) १.३४ पट, बाहेर गेलं की विसंगती. आकडे सामान्य वितरणाचे धरले तर ही मर्यादा प्रमाण विचलनाच्या १.८ पट पडते, म्हणजे काहीही न घडता ७ टक्के आकडे बाहेर. दोन तासांचा एक असे दिवसाला १२ आकडे, म्हणून रोज सरासरी ०.८४ 'विसंगती'. भूकंपानंतर मागचे १० दिवस चाळले तर काहीतरी सापडणारच.

नियम कडक केला आणि विसंगती दहा दिवसांतून सरासरी एकदाच येऊ लागली असं धरू. प्रत्येकीनंतर दहा दिवस इशारा. मग ६३ टक्के काळ इशारा चालूच असतो. दहापैकी सहा भूकंप 'पकडले' म्हणून पेढे वाटाल, पण नाणं फेकूनही तेवढेच सापडले असते. म्हणून किती सापडले यासोबत किती काळ इशारा चालू होता तो आकडा मागायचाच.

कोयनेत आणखी एक सापळा. तिथली भूकंपीयता जलाशयाशी बांधलेली आहे. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा एकदा आणि पुढे उतरतं तेव्हा पुन्हा तिला उठाव येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नेमकी आयनांबराचीही धांदल असते. दोन्हींचा संबंध सूर्य आणि मान्सूनशी, एकमेकांशी नाही. तरी दोन आलेख शेजारी ठेवले तर मुलं टाळ्या वाजवतील.

पूर्वरंग · दुपारी २:१०

मान्य. पण मग कोणता निकाल आला तर तुम्ही 'काहीतरी आहे' म्हणाल?

आकडेमोड · दुपारी २:३५

नियम भूकंपाआधी लिहिलेला, तारीख टाकलेला आणि मध्येच न बदललेला असेल, आणि पकडलेल्या भूकंपांचं प्रमाण इशाऱ्याच्या काळाच्या प्रमाणाहून स्पष्ट जास्त असेल तर. लोमा प्रिएताचं उदाहरण बघा. कॅलिफोर्नियातल्या १९८९च्या त्या भूकंपाआधी ७ किमीवरच्या कोरालितोस केंद्रात अतिमंद चुंबकीय स्पंदनं वाढल्याची नोंद वीस वर्षं या विषयाची ध्वजा होती. २००९मध्ये कॅम्पबेल यांनी, आणि वेगळ्याने थॉमस, लव्ह, जॉन्स्टन यांनी ती दूरच्या चुंबकीय केंद्रांशी ताडली. एकांनी तिचा संबंध जगभरच्या चुंबकीय हालचालीशी लावला, दुसऱ्यांनी उपकरणातल्या बिघाडाशी. तुलनेचं केंद्र पहिल्या दिवसापासून सोबत असतं तर वीस वर्षं वाचली असती. लांबलहर यांनी म्हापशाला तेच काम दिलं आहे.

भुरभुर · दुपारी २:५०

म्हणजे गोव्याचं काम काय, तर काहीही न दिसणं. हे आम्हाला जमेल, सुशेगाद.

लांबलहर · दुपारी ३:२०

अगदी. पण 'काही दिसलं नाही' म्हणायला यंत्र जिवंत होतं याचा पुरावा हवा. तो सूर्य देतो. दिवसा एम श्रेणीची (मध्यम ताकदीची) सौरज्वाला झाली की १८.२ची तीव्रता काही मिनिटांत उडी मारते आणि हळूहळू ओसरते. ज्वालांच्या वेळा जाहीर होतात. महिनाभरात एकही उडी तुमच्या आलेखात नसेल तर दोष अँटेनाचा. उडी कधी वर, कधी खाली असते, त्याने गोंधळू नका.

गोंगाटाकडे पाहा. १८,२०० भागिले ५० म्हणजे ३६४, पूर्ण. म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झचा गुणज नेमका वाहक लहरीवर बसतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर हे खरे वैरी. अँटेना इमारतीपासून जमेल तेवढी दूर. लाईट गेल्यावर गोंगाट उतरला आणि संकेत तसाच राहिला तर जागा चांगली. लाईट आल्यावर पातळी बदलली तर ती वेळ वहीत टिपा. चतुर्थीला आवारात रोषणाई असेल तर ते दिवस गाळाच. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या वळवात विजांचे ठोके येतात, त्यासाठी सरासरीऐवजी मिनिटाचा मध्यक साठवा. मेघगर्जना जवळ आली की अँटेनाची तार सोडवून ठेवा.

चिरेबंदी · संध्याकाळी ५:४५

सगळ्यांचे देव बरें करूं. नियम आजच लिहून टाकतो, चुका काढा.

१. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या खड्ड्याची वेळ रोज. मागच्या १५ दिवसांच्या सरासरीपासून २ प्रमाण विचलनांहून जास्त सरकली तर 'खूण'.
२. केपी (चुंबकीय खळबळीचा निर्देशांक) ३ च्या वर किंवा डीएसटी (चुंबकीय वादळाचा निर्देशांक) उणे ३० नॅनोटेस्लाच्या खाली गेलेला दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस गाळायचे.
३. खूण ठाण्याला आहे आणि म्हापशाला नाही, तरच 'इशारा', ७ दिवसांचा.
४. कोयना परिसरातले ४ आणि वरचे भूकंप, राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीतून. स्वतः निवडायचे नाहीत.
५. इशारा कुठेही प्रसिद्ध करायचा नाही. लिफाफ्यात घालून तारखेसह मुख्याध्यापकांकडे.

आकडेमोड · संध्याकाळी ६:१०

पाचवा कलम सगळ्यात वर घ्या. दोन अडचणी. चारच्या वरचे भूकंप वर्षात दोन-तीन मिळाले तर त्यावरून काहीच ठरणार नाही, निदान पाच वर्षं नोंद चालू ठेवायची तयारी हवी. दुसरं, ४ तीव्रतेला दोब्रोवोल्स्की त्रिज्या ५२ किमीच. ठाण्याचा मार्ग कोयनेपासून त्याहून जवळ जातो का हे शाळेचे अक्षांश-रेखांश ठरल्यावर मोजून घ्या.

लांबलहर · संध्याकाळी ६:३०

घड्याळ. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून दर तासाला जुळवा आणि नोंदी जागतिक वेळेत ठेवा. केपी-डीएसटी, भूकंपाच्या वेळा, सौरज्वाला सगळं त्याच वेळेत येतं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. दोघांपैकी एका शाळेने भारतीय वेळेत आणि दुसरीने जागतिक वेळेत फाइल ठेवली तर पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कोयनेचा फार मोठा इशारा मिळेल.

आणि चौकट सागवानाची नको, उगाच पैसे जातील. पीव्हीसी पाइप घ्या, तारेवर वार्निशचा हात फिरवा, सांध्यात ग्रीस भरा. पावसाळ्याआधी वर चढवली तर वार्निश वाळायला मे महिना मिळतो.